जशी दिली तशी

२ जुलै १९८६, सेलू

रिटायर होऊन महिना झाला. या महिन्यात कडूबाईनं मला निदान तीस वेळा विचारलं, "आता दिवसभर हितंच बसणार का?" यष्टीच्या डेपोत हेड मेकॅनिक होतो तेव्हा हीच बाई तक्रार करायची की माणूस घरात दिसत नाही. बायकोला खूश करणारा पाना अजून कोणत्या कारखान्यात निघाला नाही.

आज माणिकरावांचा गडी बोलवायला आला, तर मी अर्धा चहा ठेवून उठलो. माणिकराव म्हणजे स्टेशनामागच्या बंद कापूस-जिनिंगचे मालक. त्यांच्या वडलांना अजून सगळे थोरले मालकच म्हणतात, वारून बारा वर्षं झाली तरी. जिनिंगच्या मागं टिनाच्या शेडमध्ये थोरल्या मालकांची विलायती ऑस्टिन उभी आहे. १९३८ चं मॉडेल. बोटीनं मुंबईला उतरली, तिथून मालगाडीच्या उघड्या डब्यावर सेलूला आली. मी दहा वर्षांचा होतो. अर्धं गाव स्टेशनावर होतं, आणि उतरवताना एका म्हाताऱ्यानं तिच्यापुढं नारळ फोडला तो मला अजून दिसतो.

पुण्याच्या एका शौकीन माणसाला ती पाहिजे आहे. अट एकच, सगळं मूळचं पाहिजे. विशेष करून इंजिन. माणिकराव म्हणाले, "मिस्त्री, तुमी ती चालू करा. आन एका कागदावर लिहून द्या, काय मूळचं हाय आन काय बदललंय. तुमच्या सहीला हितं वजन हाय."

आहेच.

५ जुलै

शेडचं कुलूप आश्रुबानं काढलं. आश्रुबा या मोटारीचा आधी क्लीनर, मग डायवर, आणि मोटार बंद पडल्यापासून काय म्हणावं, पुजारी. वय पासष्टच्या पुढं. मोटारीला गोधडी पांघरलेली. त्यानं गोधडी काढली. लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली, चाकं काढून भिंतीला टेकवलेली, चेंबरमध्ये एरंडेल भरलेलं. "दर पावसाळ्याला बदलतो," म्हणाला. अठरा वर्षं बंद असलेल्या गाडीचं इंजिन हँडल मारल्यावर फिरलं. यष्टीत सहा महिन्यांत जाम होतात.

"कुनी शिकवलं रे तुला?"

"कुनी न्हाई. माणसासारखं हाय ते. अंग आखडू द्याचं न्हाई."

मी त्याला म्हणालो, उद्यापासून माझ्या हाताखाली ये. तर पठ्ठ्या लाजला.

१२ जुलै

आज माणिकरावांनी थोरल्या मालकांचं रजिस्टर दाखवलं. सगळं उर्दूत. घरात आता ते कुणालाच वाचता येत नाही. मला येतं. निजामाच्या राज्यात सातवीपर्यंत आमची शाळा उर्दूतच होती, मौलवीसाहेबांच्या छडीचे वळ अजून ध्यानात आहेत. माणिकराव म्हणाले, "तुमच्यासारखा वाचणारा आता सेलूत उरला कोन?" मी म्हणालो, दोन-तीन असतील. एक असेल तरी शपथ.

थोरले मालक शिस्तीचे. जिनिंगमधल्या प्रत्येक मशीनला त्यांनी पितळेचा बिल्ला लावला होता. त्या मशीनच्या कंपनीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे, उर्दूत ठोकलेले. रजिस्टरात तेच आकडे अक्षरी लिहिलेले. मोटारीच्या इंजिनापुढं लिहिलंय सात हजार एकशे एक्क्याऐंशी.

त्याच पानावर खाली आश्रुबाचं नाव आहे. पाथरी रस्त्याला लागून दोन एकर रान त्याला कसायला दिलंय, आणि ओळ अशी आहे: "जिस दिन मोटर वापस मांगी जाए, जैसी दी वैसी निकली तो ज़मीन आश्रुबा की." खाली पाच पंचांच्या सह्या, साल १९४६, भारताच्या लष्करानं निजामाचं राज्य घेतलं त्या पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधीचं. म्हणजे मोटार विकायची तर आधी आश्रुबाचा निकाल लागणार. मोटार जशी दिली तशी निघाली की दोन एकर कायमचे त्याचे.

मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. माणिकराव म्हणाले, "म्हणूनच म्हणतो मिस्त्री, बारकाईनं बघा. बदललेलं निघालं तरी मला वाईट वाटणार न्हाई. खरं ते लिहा."

असा मालक मिळायला नशीब लागतं.

२९ जुलै

काम लय आहे, पण जीव रमला. कार्बोरेटर मूळचा. डायनमो मूळचा, फक्त ब्रश घासलेत. ब्रेक सळ्यांचे आहेत, तेलाचे नाहीत. आश्रुबा म्हणतो उतारावर आधी देवाचं नाव घ्यायचं, मग पायडल दाबायचं. पुण्याच्या गृहस्थाचं पत्र आलंय, तीन पानी प्रश्न. हॉर्नचा रबरी फुगा तोच का? गादीचं कातडं तेच का? आतल्या रंगाचा पापुद्रा काढून ठेवा. अरे बाबा, बायको बघायला आलास का मोटार?

पण खरं सांगायचं तर मलाही आता चटक लागली. चालू करणं हे कुणीही करील. जे मूळचं आहे ते तसंच ठेवून चालू करणं, ह्यात कसब आहे. यष्टीत तीस वर्षं मी एका गाडीचं काळीज काढून दुसरीत घातलं, कुणी विचारलं नाही कोणाचं काय आहे.

जिनिंगच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा आहेत, दोन्ही बाजूंच्या, एकावर एक रंगवलेल्या. खालचं कोणतं आणि वरचं कोणतं आता कळत नाही. माणिकराव म्हणतात, पुण्याचा माणूस यायच्या आधी चुना मारून घेऊ.

११ ऑगस्ट

आज वाईट झालं.

इंजिनाच्या डाव्या अंगाची चाळीस वर्षांची माती आणि वंगण खरवडलं. कंपनीचा नंबर जिथं ठोकलेला असतो ती जागा गंजानं खाल्लीय, काही वाचता येत नाही. पण वर थोरल्या मालकांचा पितळी बिल्ला आहे, दोन बाजूंना दोन स्क्रू, आरशासारखा लख्ख. मी चष्मा पुसला आणि वाचला. एक, सात, एक, आठ.

सतराशे अठरा. रजिस्टरात सात हजार एकशे एक्क्याऐंशी.

पुन्हा वाचला. उर्दूत एक म्हणजे उभी रेघ. सात म्हणजे दोन काड्या खाली जुळलेल्या, वर तोंड उघडं. आठ म्हणजे त्याच काड्या वर जुळलेल्या, खाली तोंड उघडं. ह्यात मौलवीसाहेबांचा मार खाल्लेला माणूस चुकत नाही.

आश्रुबाला विचारलं, "बिल्ला हाच होता का?"

"ह्योच. दुसरा कुटला?"

"ह्यावर काय लिहिलंय?"

"मला वाचता येतं व्हय मिस्त्री?" आणि हसला. मला हसू आलं नाही.

१४ ऑगस्ट

तीन दिवस डोकं त्यातच. आकडे तेच आहेत पण जागा बदललेल्या. म्हणजे कुणीतरी मूळचं इंजिन काढून नेलं, दुसरं बसवलं, आणि कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून खोटा बिल्ला करून घेतला. करणाऱ्याला उर्दू येत नसणार, म्हणून आकडे मागंपुढं झाले. चोर कुठंतरी चुकतोच.

पुरावे शोधत गेलो तर सापडतही गेले. हेडच्या स्टडपैकी दोन वेगळ्या आट्यांचे. चेंबरच्या बोल्टांना नंतरच्या पान्याचे व्रण. मागची गॅस्केट हातानं कापलेली. आश्रुबा म्हणतो, सत्तावन्न साली जालन्याच्या मिस्त्रीनं खोललं होतं, तेव्हाचं आहे. म्हणणारच.

माझी खात्री झाली. खात्री झाली की मला भूक लागते, आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कडूबाई म्हणाली, "आश्रुबाला सांगितलं का?" मी म्हणालो, आधी मालकाला सांगायची रीत आहे.

१५ ऑगस्ट

माणिकरावांना सांगितलं. वाटलं होतं बिचारे खचतील, गाडीची किंमतच गेली की. पण माणूस मोठ्या मनाचा. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमी खरं बोललाव, ह्यातच सगळं आलं." आणि चहा सांगितला. त्यांच्याकडं जालन्याचे दोन व्यापारी आले होते, पाथरी रस्त्याचं रान बघून आलेले, बुटांना चिखल. पेट्रोल पंपाचं काही चाललंय म्हणे. मी फार थांबलो नाही.

२४ ऑगस्ट

आश्रुबाला सांगितलं. मीच सांगितलं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं.

तो इंजिनाकडं गेला. हात ठेवला. मग म्हणाला, "मिस्त्री, मी ह्याचा आवाज वळखतो."

"अठरा वर्षं आवाज कुठं आहे त्याला?"

तो पुन्हा पाने पुसायला लागला. नंतर दिवसभर काम केलं, पण दोनदा चुकीचा पाना दिला. जाताना विचारलं, "कवा बदललं असंल?" मी म्हणालो, ते तूच सांगायचं. शेडची किल्ली तुझ्याकडं.

मला त्याचा राग आला होता. वाटत होतं, चोरी केली नसेलही, पण राखण केली नाही, आणि राखण एवढंच त्याचं काम होतं.

७ सप्टेंबर, रविवार

मारुतीच्या पारावर पंच बसले. जुन्या पाचांपैकी आप्पाराव एकटे हयात, ऐंशीचे आहेत, तेच मुख्य. मी रजिस्टर वाचलं, इंजिन बदललंय हा माझा सहीचा कागद वाचला, बिल्ल्याचा आकडा सांगितला, काढून आणलेले स्टड दाखवले. सगळे माना डोलवत होते. तीस वर्षं डेपोत ओरडलो, पण असं कुणी ऐकलं नव्हतं.

मग माणिकरावांनी अगदी मवाळपणे विचारलं, "आश्रुबा, पोलीस ॲक्शनच्या टायमाला तू शेडात व्हतास का? तवा समदेच रानात पळाले व्हते."

"हितंच व्हतो वाटतं."

"वाटतं?"

"लय दिस झाले, मालक."

"मिस्त्री म्हणतेत इंजिन बदललंय. मिस्त्री खोटं बोलतेत का?"

आश्रुबानं माझ्याकडं बघितलं.  मग म्हणाला, "मिस्त्री कशाला खोटं बोलतील. त्यांना वाचता येतं. बदललंच असंल. मंग तवाच बदललं असंल. मी गेलो असंल रानात."

आप्पारावांनी ते लिहून घेतलं. आश्रुबा रानात गेला होता, त्यात बदललं, असं. आश्रुबानं अंगठा दिला. शाई पुसायला त्याला काही सापडेना म्हणून मी माझा रुमाल दिला.

वाईट वाटलं. पण मनाचा साफ निघाला, कबूल केलं. दोन एकर माणिकरावांकडं राहिले. शेडची किल्लीही त्यानं तिथंच ठेवली.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. शेडमध्ये मी एकटाच होतो. दर वर्षी आश्रुबा मोटारीची पूजा करायचा. मी फूल वाहिलं, पण मला ते काही जमत नाही, उगंच चोरट्यासारखं वाटतं.

गादीचं काम परभणीला दिलंय. तीन आठवडे झाले, आज करतो, उद्या करतो. असल्या कारागिरांना यष्टीत मी उभं केलं नसतं.

१९ नोव्हेंबर

आश्रुबा बायकोला घेऊन मुलाच्या, सितारामच्या टोळीबरोबर ऊस तोडायला गेला म्हणे, गंगाखेडच्या बाजूला. या वयात! कडूबाईनं बातमी आणली आणि माझ्यापुढं ताट आदळलं. "तुमच्या बिल्ल्यानं म्हातारा फडावर गेला."

"माझ्या बिल्ल्यानं? मी लावला का तो?"

"तुमी वाचला ना."

बाईमाणसाशी कारागिरीचं बोलून उपयोग नाही.

९ जानेवारी १९८७

लिहू का नको असं झालंय. लिहितो.

आज गिअरबॉक्स वर चढवायचा होता. एकट्यानं. रोज मी मोटारीच्या पुढून खाली शिरतो, आज जॅकमुळं जागा नव्हती म्हणून मागून शिरलो, डोकं पुढं, पाय मागं, पाठीवर. गिअरबॉक्स छातीवर तोलून धरलेला. मान मागं टाकून वळवली तर इंजिनाच्या अंगाला बिल्ला दिसला. खालून, उलटा.

सात, एक, आठ, एक.

मी तसाच पडून राहिलो. गिअरबॉक्सचं वजन छातीवर आहे हेही विसरलो. उलट्या साताचा आठ होतो. उलट्या आठाचा सात. एक कसाही धरा, एकच. बिल्ला फक्त उलटा बसवलाय. पोराटोरांना कळेल असली गोष्ट. आणि मी, मौलवीसाहेबांचा हुशार व्यंकटी, भर पारावर बोट ठेवून वाचत होतो.

मग बाहेर आलो. गंजलेल्या जागेवर तेजाब लावलं, घासलं, पुन्हा लावलं. तासाभरानं दोन आकडे उमटले, विलायती आकडे, कंपनीचे. आठ आणि एक. शेवटचे दोन. हे तेजाब ऑगस्टातही माझ्या कपाटात होतं.

इंजिन तेच आहे. पहिल्या दिवसापासून तेच.

१० जानेवारी

माणिकरावांकडं सकाळीच गेलो.  सगळं सांगितलं, वाटलं जोड्यानं मारतील. ते हसले. "अरे वा! म्हणजे मोटार असल हाय. मिस्त्री, तुमी तर पेढे द्यायला पायजेत." म्हणाले, बिल्ला सरळ करून टाका, नवा कागद लिहा, पुण्याला आजच कळवतो.

"आन आश्रुबाचं?"

"ते पंचांनी ठरवलंय. त्यानं सोताच्या तोंडानं कबूल केलं. त्यात मी काय करू?"

"पण माझ्या सांगण्यावरून..."

"मिस्त्री," ते म्हणाले, तेवढ्याच मवाळपणे, "तुमी एक कागद लिहिला इंजिन बदललंय म्हणून, आता दुसरा लिहिणार न्हाई म्हणून. दोन्ही पारावर वाचले तर लोक तुमाला काय म्हणतील, ह्याचा इचार करा. मी तुमच्यासाठीच बोलतो."

मी बिल्ला सरळ केला. दोन स्क्रू, दोन मिनिटांचं काम. कागदही लिहिला. ते दोघे व्यापारी कशाला आले होते, आणि ऑगस्टात माझ्या पाठीवर हात का पडला, हे परत येताना रेल्वेच्या फाटकात उभं राहून समजलं. हराम्या! त्याला म्हणतोय की मला, माहीत नाही.

१८ जानेवारी

संक्रांत झाली. माणिकरावांकडं जाऊन आठ दिवस झाले. गंगाखेडला जायचं ठरवलं होतं, पण कडूबाईला खोकला, मग गादी आली ती बसवायची, मग गाडी उशिरा. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी आज कडूबाई म्हणाली, "मी खोकते तर खोकते, तुमी जावा." मी तिला सगळं सांगितलंय. 

२१ जानेवारी

जाऊन आलो. परभणीला गाडी बदलली, गंगाखेडपासून पुढं टमटम, मग चालत. उसाच्या पाचटाच्या कोप्या. आश्रुबा मोळ्या बांधत होता. हात उसाच्या पात्यांनी फाटलेले. मी ह्या हातांना वंगणाशिवाय कधी बघितलं नव्हतं.

तिथंच बांधावर बसून सांगितलं. मातीत काडीनं सात काढून दाखवला, मग आश्रुबाला उलट्या बाजूनं बसवलं आणि म्हणालो, बघ, आठ झाला. विचारलं, बिल्ला कधी काढायचास का?

"दर दसऱ्याला. चिंचेनं घासायचो. मंग लावायचो."

"वर-खाली बघून?"

"मला काय ठावं त्याला वर-खाली असतंय."

मी म्हणालो, "आश्रुबा, चूक माझी आहे. इंजिन तेच आहे. तू राखलंस. मी पारावर येऊन सांगतो. तुझे दोन एकर तुला मिळाले पाहिजेत. आजपासून तिसऱ्या रविवारी ये. आप्पारावांना मी गाठतो."

"बरं," म्हणाला आणि पुन्हा मोळी बांधायला लागला. एवढा आनंद झाला असेल की बोलताच आलं नसेल. पारूबाई, त्याची बायको, कोयता घेऊन लांब उभी होती. माझ्याकडं आली नाही. पाणीही विचारलं नाही. मला ते योग्यच वाटलं.

२ फेब्रुवारी

मोटार चालू झाली. एका हँडलला. पुण्याचा गृहस्थ ट्रक घेऊन आला, बिल्ला आणि तेजाबानं निघालेले आकडे बघून त्याचे डोळे भरून आले, माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, पन्नास वर्षं एवढी शुद्ध ठेवलेली गाडी मी बघितली नाही, कुणी ठेवली? माणिकराव म्हणाले, आमच्या घराण्यात शिस्त आहे.

मी तिथं होतो. "आश्रुबानं ठेवली," असं मी म्हणालो नाही.  रविवारी म्हणायचंच आहे, म्हणून गिळलं.

८ फेब्रुवारी, रविवार

पार भरला होता. मी दोन्ही कागद वाचले. आधीचा आणि नंतरचा. सांगितलं की मी चुकलो, बिल्ला उलटा होता, मी उलटा वाचला, इंजिन मूळचंच आहे आणि तेजाबानं निघालेले आकडे पुण्याच्या माणसानं डोळ्यांनी बघितलेत. लोक हसले. कोण तरी म्हणालं, मोटार असल निघाली, मिस्त्रीच नकली निघाला. हसू दे. मला वाटलं होतं ह्यापेक्षा जास्त दुखेल.

माणिकराव म्हणाले, "मिस्त्रींचं मिस्त्रींनी सांगितलं. आता ज्याचा अंगठा हाय त्याला इचारा."

आप्पारावांनी विचारलं, "आश्रुबा, इंजिन बदललं व्हतं का न्हाई?"

मी त्याच्याकडं बघून मान हलवत होतो. बोल. बोल ना बाबा.

आश्रुबा उठून उभा राहिला. टोपी काढली. म्हणाला, "बदललं व्हतं, मालक."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पोलीस ॲक्शनच्या टायमाला. मी रानात गेल्तो चार रोज. वापस आलो तर शेडाचं दार उघडं. बैलगाडीच्या चाकोऱ्या व्हत्या. चार माणसं व्हती. एकाच्या डोक्याला हिरवा पटका. मी लांबून बघितलं, पर भ्यालो. कुनाला सांगितलं न्हाई. लय दिस मनात ठिवलं."

मी ओरडलो, "आश्रुबा, अरे कुठली चार माणसं? मी सांगतो ना, ते इंजिन तेच आहे! मी बघितलं!"

तो माझ्याकडं वळला. राग नव्हता. समजूत घालावी तसं म्हणाला, "मिस्त्री, तवा बी तुमीच सांगितलं. आता बी तुमीच सांगायलाव. पर मला आता समदं आठवायलंय."

आणि मग पारूबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. पारावर बाई चढत नाही, ती खालूनच ओरडली.

"खोटं बोलायलाव! कुटं गेल्ताव तुमी? मोटारीच्या खाली झोपून व्हताव! चार रोज न्हाई, नऊ रोज! मी भाकर आणायची, चाकाच्या आडून आत सरकवायची. कोन बी आलं न्हाई. तुमी लघवीला बी भाईर निघाला न्हाईत, डब्यात करायचाव, आन त्यो डबा मी नेऊन वतायची! कुटलं रान आन कुटला हिरवा पटका?"

 आश्रुबानं तिच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "तुला ध्यान न्हाई, पारे. मी गेल्तो."

आप्पारावांनी रजिस्टर मिटलं. मी म्हणालो, हिचं लिहून घ्या. ते म्हणाले, "मिस्त्री, अंगठेवाला सोता म्हणतोय गेल्तो. बाईचं लिहून काय करू?" माणिकरावांनी पानाचा डबा पुढं केला. लोक उठायला लागले.

मी त्या दोघांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. आश्रुबा बाकावर एका अनोळखी माणसाशेजारी बसला आणि त्याला सांगायला लागला, पोलीस ॲक्शन, शेड, बैलगाडी. आता माणसं पाच झाली होती. तो माणूस बिडी ओढत "आस्सं का" म्हणत होता. आश्रुबाचा चेहरा मोकळा दिसत होता, गेल्या सहा महिन्यांत इतका मोकळा मी बघितला नव्हता.

पारूबाई माझ्याजवळ उभी राहिली. पदर दातांत धरलेला. म्हणाली, "आवं मिस्त्री, मागल्या टायमाला पंच बसले तवा मी हितंच व्हते की. मला कामून इचारलं न्हाई कुनी?"

मला सुचलंच नव्हतं. एवढंच खरं उत्तर आहे, आणि ते मी तिला दिलं नाही. गंगाखेडची गाडी लागली. तिनं नवऱ्याला दंडाला धरून उठवलं, गठुडं डोक्यावर घेतलं आणि दोघं आत चढली. खिडकीतून तो मला हात करत होता. मीही केला.